तीन किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. सध्या उघडा आहे आणि यापुढे कधी बंद होईन अशी चिन्हे नाहीत, कारण माझी कडी कापलेली आहे. हल्ली मी एका वहीवर बसून असतो. वारा आला की वहीची पाने उडू नयेत, एवढीच माझ्याकडून अपेक्षा आहे आणि ती मी पुरी करतो. वजन पावणेचार किलो असल्यामुळे यात माझे विशेष कौतुक नाही.

आत्मवृत्त सांगताना वस्तू फार हळव्या होतात असे ऐकून आहे. माझे तसे होणार नाही. लोखंडाला गहिवर येत नाही. येतो तो गंज, आणि त्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

आधी जागा समजून घ्या. एक तळे आहे. तळ्याला मातीचा बांध, बांधात एक लोखंडी दार आणि दाराच्या वर ते उचलायचे चाक. चाक फिरवले की दार वर सरकते आणि तळ्यातले पाणी पाटात उतरते. पाट आधी भाजीच्या मळ्यांतून जातो आणि मळे संपले की खाली पाणथळीत पसरतो. पाणथळ म्हणजे गुडघाभर पाणी आणि माणसाहून उंच गवत. तिच्या मधोमध एक उंचवटा आहे. त्यावर दरवर्षी लांब पायांचे पांढरे पक्षी घरटी करतात. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे कुत्र्यांना तिथे जाता येत नाही. पक्ष्यांनी जागा निवडली ती एवढ्याच हिशेबाने.

या तळ्यात तीन माणसांचा जीव अडकला होता, पण तिघांचा तीन ठिकाणी.

पहिले काका. ते मळेवाल्यांचे पुढारी. त्यांच्याहून वयाने मोठी माणसेही त्यांना काकाच म्हणत. दार उघडावे आणि पाणी मळ्यांत वळवावे, हे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या मावशी. तळ्यात जाळी टाकणाऱ्या बारा घरांच्या त्या कारभारीण. दार बंद राहावे, तळे खोल राहावे आणि मासे वाढावेत, हे त्यांचे म्हणणे. तिसरा पाणथळीचा रखवालदार. हा सरकारी नोकर. गळ्यात कायम दुर्बीण असल्यामुळे सगळे त्याला दुर्बीण म्हणत. त्याची बायकोही त्याला याच नावाने हाक मारते असे मावशी सांगत. खरे-खोटे त्याच जाणोत. दार उघडावे, पण पाणी मळ्यांत न रेंगाळता थेट खाली पक्ष्यांपर्यंत यावे, हे त्याचे म्हणणे.

तिघांचेही बरोबर होते. भांडण लांबण्याचे कारण तेच.

माझ्या जन्माआधी चाक ज्याच्या हाती, पाणी त्याचे, अशी पद्धत होती. मळेवाले पहाटे येऊन दार उघडत. जाळीवाले दुपारी येऊन ते पाडत. एकदा जाळीवाल्यांनी चाकच काढून तळ्यात टाकले आणि मग ते शोधायला मळेवाल्यांना त्यांचीच जाळी मागावी लागली. असे चालले असताना एक कोरडे वर्ष आले. पाणथळ आटली. चिखल वाळला तसे कुत्रे चालत उंचवट्यावर गेले आणि पक्षी अंडी टाकून उठले. दुर्बीण मोजणीचा तक्ता घेऊन गेला आणि सगळ्या रकान्यांत शून्य लिहून परत आला. मासेही मेले आणि मळेही करपले, त्यामुळे भांडणात कुणी जिंकले असे म्हणायलाही जागा उरली नाही.

कचेरीने याची गंभीर दखल घेतली, म्हणजे बांधावर एक फलक लावला. त्यावर चौदा नियम होते. ते लिहिणाऱ्यांनी तळे पाहिलेले नव्हते, पण अक्षर सुरेख होते. जाळीवाल्यांनी फलकावर जाळी वाळत घातली. मळ्यातल्या बकऱ्यांना अंग घासायला त्याचा खांब सोयीचा पडला. फलकाचा उपयोग झाला नाही असे कुणी म्हणू नये.

मग एक इंजिनियर बाई बदलून आल्या. त्यांनी पंधरावा नियम केला नाही. त्या बांधाच्या पायरीवर येऊन बसल्या आणि सगळ्यांनी यावे असा निरोप धाडला. पहिल्या सभेला कुणी आले नाही. दुसऱ्या सभेला काका आले, ते आपण येणार नाही हे सांगायला. तिसऱ्या सभेला मावशी आल्या, कारण गेल्या वेळी काका आले होते. अकराव्या सभेत ठरले की दार एकट्याने कुणी उघडायचे नाही, त्याला कुलूप लावायचे. पुढच्या दोन सभा किल्ली कुणाकडे ठेवायची यावर गेल्या. मावशी म्हणाल्या, काकांकडे किल्ली दिली तर मी आजच जाळी मोडीत काढते. काका म्हणाले, कचेरीकडे दिली तर तहान लागण्याआधी दोन महिने अर्ज करावा लागेल. दुर्बीण काही म्हणाला नाही. त्याचे कुणी ऐकत नसे.

चाक दुरुस्त करायला त्या दिवशी लोहारआजोबा आले होते. वर्षातली ही त्यांची तिसरी खेप. त्यांनी मान वर न करता सांगितले, "तिघांना तीन किल्ल्या द्या. तिन्ही फिरल्या तरच उघडेल असं कुलूप करतो. मग बसा दारापाशी भांडत."

असा मी ठरलो.

मी कशाचा झालो तेही सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आले. कचेरीत कुलपासाठी तरतूद नव्हती, फलकासाठी होती. तेव्हा आजोबा म्हणाले, लोखंड तुम्हीच आणा. काकांनी नांगराचा मोडका फाळ आणला. मावशींनी होडीचा जुना नांगर आणला. दुर्बिणीने पक्षी पकडणाऱ्यांकडून जप्त केलेले चार सापळे आणले, जे तीन वर्षे त्याच्या खोलीत पडून होते आणि ज्यांत त्याचाच पाय एकदा अडकला होता. आजोबांनी हे सारे एकाच भट्टीत घातले. कोणता भाग कुणाचा हे आता मलाही सांगता येत नाही. मला तीन किल्लीछिद्रे पाडली. किल्ल्या तीनच केल्या आणि इंजिनियर बाईंच्या सांगण्यावरून त्यांचे साचे सगळ्यांसमोर मोडून टाकले, म्हणजे चौथी किल्ली व्हायला नको.

"पुढे एखादी हरवली तर?" काकांनी विचारले.

"तर कुलूप उघडून, आतले खटके बघून नवी करता येईल," आजोबा म्हणाले.

"आणि ते उघडायचं कसं?"

"किल्लीनं," आजोबा म्हणाले आणि हत्यारे गोळा करू लागले. "म्हणून हरवू नका. चाळीस वर्षांत माझं एक कुलूप तुटलेलं नाही. तुटलं तर त्या दिवशी भट्टी विझवीन."

माझी कडी चाकाच्या आऱ्यांमधून आणि चौकटीच्या कड्यातून अडकवली गेली आणि मी कामाला लागलो.

मित्रांनो, माझी कामाची वर्षे सहा. दर आठव्या दिवशी सकाळी तिघे पायरीवर जमत. मावशींची किल्ली कमरेला, काकांची टोपीत, दुर्बिणीची दुर्बिणीच्या पट्ट्याला. आधी भांडण होई, मग दार किती उचलायचे ते ठरे. ते बोटांनी मोजत. पहिल्या दिवशी बोटे कुणाची यावरून सकाळ गेली, कारण काकांची चार बोटे म्हणजे मावशींची सहा. शेवटी इंजिनियर बाईंचा हात चौकटीवर आडवा ठेवून छिन्नीने खुणा केल्या. पुढे बाईंची बदली झाली. बोटे इथेच राहिली. दार उचलले की ठरलेल्या खुणेवर मला पुन्हा अडकवत आणि वहीत लिहीत: आज दोन बोटे, आज तीन, आज काही नाही.

आणखी एक रीत पडली. ज्याला उशीर होईल त्याने मला तेल घालायचे. शिवणयंत्राचे असते तशी छोटी तेलाची डबी पायरीखालच्या कोनाड्यात असे. काकांना हटकून उशीर होई, त्यामुळे मी सहा वर्षे त्यांच्या हातून तेल प्यालो.

भांडणे थांबली असे समजू नका. फक्त ती आता ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आणि बसून होत. मावशी विचारत, "काका, दुधीला एवढं पाणी? पोहायला शिकवताय का त्याला?" काका म्हणत, मासे तरी कुठे तक्रार करताहेत, तक्रार तर तुम्हीच करताय. मग दोघेही दुर्बिणीकडे वळत आणि तो खाली मान घालून आकडे सांगे: पाणथळीत पाणी इतके, घरटी इतकी. पहिल्या वर्षी अकरा घरटी. मग चाळीस. मग नव्वदच्या वर. आकडे वाढत गेले तसे त्याचे बोलणेही वाढले. चौथ्या वर्षी त्याने काकांना मध्येच तोडले आणि काकांनी तोडू दिले. पाचव्या वर्षी मावशींनी किल्ली फिरवता फिरवता सहज विचारले, "तुझी पिल्लं निघाली का रे?" तिघांच्याही हे लक्षात आले नाही, पण त्या आधी "तुझी ती पाखरं" म्हणत.

यानंतर माझे कौतुक सुरू झाले. इथून माझ्या आयुष्याला उतरती कळा लागली.

आधी पाहुणे येऊ लागले. ते माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. मग कचेरीत नवे साहेब आले. ते वाईट नव्हते. मृदू बोलत, सगळ्यांना अहो-जाहो करत आणि त्यांचा फोटो चांगला येई. त्यांनी माझ्यावर अहवाल लिहिला. अहवालात 'लोकसहभाग' हा शब्द एकशे अकरा वेळा आला होता. दुर्बिणीला मोजायची सवय, म्हणून कळले. 'तेल' हा शब्द एकदाही नव्हता. अहवालाला पुरस्कार मिळाला. पुरस्कार म्हणजे एक पितळी पाटी, आणि नुसती पाटी भिंतीवर बरी दिसेना. सोबत एखादी खरी वस्तू हवी होती. काका आणि मावशींच्या किल्ल्या खाजगी. दुर्बिणीची मात्र नियमाने कार्यालयाची. दोन दिवसांसाठी म्हणून ती मागवली गेली. दुर्बिणीने पावती मागून घेतली: 'एक नग किल्ली, परतीच्या अटीवर.' परतीची तारीख लिहायला जागा होती, तिथे आडवी रेघ मारलेली होती.

किल्ली चकचकीत नव्हती. ती लोखंडी, काळपट आणि सापळ्याचा वास येणारी. म्हणून तिला मुलामा दिला. आधी तांब्याचा थर, त्यावर सोन्याचा, आणि झळाळी टिकावी म्हणून वर दोन हात वार्निश. मग मखमलीवर ठेवून, काच लावून ती शहरातल्या सभागृहात टांगली. खाली लिहिले: 'लोकसहभागाची किल्ली'.

त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला. तळे सांडव्यावरून आपसूक वाहत होते. मळे भिजत होते, मासे माजले होते, पाणथळ तुडुंब होती. दार उघडायचे कारण पडले नाही, म्हणून किल्लीची आठवण कुणी काढली नाही. मीही काढली नाही. दुर्बिणीने दोनदा चौकशी केली. त्याला सांगितले, किल्ली सुखरूप आहे.

पायरीवरच्या सभा थांबल्या. त्यांच्याऐवजी शहरात, त्या फ्रेमखाली, आढावा बैठका होऊ लागल्या. तिघांना निमंत्रण असे आणि मागच्या रांगेत खुर्च्याही. काका एकदा जाऊन आले आणि म्हणाले, गाद्या फार मऊ, झोप चांगली लागते. माझ्याकडे कुणी येईनासे झाले. उशीर व्हायला आधी वेळ ठरलेली असावी लागते, तेव्हा तेलही बंद झाले. पहिल्या वर्षी किल्लीछिद्रांत कोळ्याने जाळे केले. दुसऱ्या वर्षी गंजाने. तक्रार म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही.

सांडवा कोरडा पडला. तळे निम्म्यावर आले, मग निम्म्याच्या निम्म्यावर. एका सकाळी दुर्बीण काका आणि मावशींना घरी जाऊन घेऊन आला. दोन वर्षांनी तिघे पायरीवर बसले. पायरीवर शेवाळ वाळून राहिले होते, ते मावशींनी पदराने झटकले.

दुर्बिणीने आकडे सांगितले. उंचवट्यावर एकशे छप्पन्न घरटी. पिल्ले निघालेली, पण पंख अपुरे. उडायला अजून बारा दिवस. पाणथळीत पाणी उरले आहे चार दिवसांचे. त्यानंतर चिखल, आणि चिखल वाळला की कुत्रे.

तळ्यातले पाणी तिघांनाही दिसत होते. ते एकदा खाली सोडले तर मासे धरायला डोह उरणार नव्हता आणि मळ्यांना पुढची पाळी मिळणार नव्हती.

"किती लागेल?" काकांनी विचारले.

"चार बोटं. दीड दिवस. मध्ये कुठं अडवलं नाही तर."

"म्हणजे माझ्या दारावरून पाणी जाणार आणि मी बघत बसणार."

"हो," दुर्बीण म्हणाला. आधी तो असे थेट बोलत नसे.

काकांनी टोपी काढली, किल्ली बाहेर काढून उगाच पुसली. मग म्हणाले की कोबी जवळपास तयार आहे, आठ दिवस आधीच काढता येईल, लहान निघेल पण निघेल. वांगी जातील. जाऊ देत. मावशींनी हिशेब त्याहून मोठ्याने केला. आज-उद्या, पाणी उतरता उतरता, बारा घरांनी मिळून मोठे मासे ओढून घ्यायचे, बारीक मासे डोहात सोडून द्यायचे आणि डोहापुरते गुडघाभर पाणी राखायचे. "त्याच्या खाली एक बोट गेलं तर दुर्बीण, तुला जाळ्यात घालून बाजारात नेईन," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने, मित्रांनो, ज्यासाठी अहवाल लिहिला गेला होता ती गोष्ट पायरीवर पाऊण तासात झाली. काकांनी किल्ली हातात धरली. मावशींनी कमरेची सोडली. दोघांनी दुर्बिणीकडे पाहिले.

दुर्बिणीने खिशातून पावती काढली.

पुढचे तीन दिवस घोडे अडले ते किल्लीपाशी. पहिल्या दिवशी कचेरीतून सांगितले गेले की फ्रेम आता मौल्यवान वस्तूंच्या यादीत आहे, लेखी मागणी करा. दुर्बिणीने लेखी मागणी केली. दुसऱ्या दिवशी कळले की मागणीवर साहेबांची सही लागेल आणि साहेब पाणीटंचाईच्या परिषदेला गेले आहेत. इकडे बारा घरांनी जाळी ओढली. मळ्यांत लोक कच्चा कोबी तोडत होते. ज्यांना गमवायचे होते त्यांनी गमवायला सुरुवात केली होती, आणि दार बंदच होते. तिसऱ्या दिवशी दुर्बीण शहरात जाऊन परिषदेच्या दारात साहेबांसमोर उभा राहिला. काय बोलला ते त्याने कुणाला सांगितले नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः आले. गाडीच्या मागच्या सीटवर, दुलईत गुंडाळलेली, ती फ्रेम. सोबत सहायक आणि फोटोवाला.

त्या सकाळी दुर्बिणीला पाणथळीच्या चिखलात कुत्र्यांच्या पायांचे ठसे दिसले होते. उंचवट्याच्या निम्म्या वाटेपर्यंत जाऊन ते परत फिरले होते.

काच काढली. किल्ली बाहेर आली. एवढी सुंदर किल्ली मी पाहिलेली नाही, आणि ती माझीच आहे हे मला ओळखू आले नाही. काकांची किल्ली पहिल्या छिद्रात करकरत गेली आणि फिरली. मावशींची गेली, त्यांनी दोन शिव्या घातल्यावर फिरली. तिसरी टोकापर्यंत आली आणि थांबली. दुर्बिणीने दाबली. साहेबांनी हळुवारपणे दाबून पाहिली. आत गेली नाही. तांबे, सोने आणि वार्निश मिळून ती जाडजूड झाली होती आणि गंजामुळे मी आतून अरुंद झालो होतो. दोष निम्मा माझाही होता. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

लोहारआजोबांना आणले. ते आता फार म्हातारे झाले होते. नातीच्या खांद्यावर हात ठेवून बांध चढले. आधी त्यांनी मला तेल पाजले आणि घटकाभर वाट पाहिली. मग किल्ली डोळ्यांशी धरली आणि विचारले, "हिला काय झालंय?" सांगितल्यावर म्हणाले, कानशीने घासतो, सोनं निघालं की जाईल.

साहेबांनी अतिशय नम्रपणे हात आडवा केला. ही पुरस्काराची वस्तू, ते म्हणाले; हिला कानस लावायची तर समितीची मंजुरी हवी. समिती पुढच्या महिन्यात बसते.

"आणि कुलूप कापायचं तर?" मावशींनी विचारले.

साहेबांनी सहायकाला नोंदवही बघायला सांगितली. सहायकाने गाडीतून वही आणली, पाने उलटली, पुन्हा उलटली. फलक होता, दार होते, चाक होते. कुलूप नव्हते. मी भंगारातून झालेला, कचेरीने मला कधी घेतलेच नव्हते.

"म्हणजे कुलूप नाहीच," काका म्हणाले. "मग जे नाही ते कापायला मंजुरी कुणाची?"

साहेबांनी विचार केला. मग ते म्हणाले की या विषयावर कार्यालयाचे काही मत नाही.

आजोबांनी नातीकडून करवत घेतली, पण कडीवर ठेवली नाही. त्यांनी तिघांकडे पाहिले.

"तिन्ही फिरल्याशिवाय हे उघडायचं नाही, असं मीच केलंय," ते म्हणाले. "दोन फिरल्यात. तिसऱ्याचं काय?"

दुर्बिणीला क्षणभर कळले नाही. मग तो पुढे झाला. रिकाम्या छिद्रावर त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, "हो."

आजोबांनी करवत ओढायला सुरुवात केली.

मला विचाराल तर दुखले वगैरे काही नाही. आवाज मात्र फार झाला. लोखंड चांगले होते, दोन पाती मोडली. आजोबांचा हात थकला तेव्हा काकांनी ओढली, मग मावशींनी, मग दुर्बिणीने. साहेबांनीही कोट काढला होता, पण त्यांचा नंबर येण्याआधी कडी सुटली. नंतर भट्टी विझवणार का असे कुणीतरी खवचटपणे विचारले. आजोबा म्हणाले, "तुटलं कुठं? मी कापलंय."

चाक फिरले. दार चार बोटे उचलले, बाईंची चार बोटे. पाणी पाटात उतरले आणि मळ्यांकडे गेले. मळ्यांच्या तोंडाशी काका फावडे घेऊन उभे होते, पाटातून मळ्यांत जाणाऱ्या स्वतःच्याच चाऱ्या मातीने बंद करत. दीड दिवस ते तिथून हलले नाहीत. लोक म्हणतात त्यांना पाण्याचा भरवसा नव्हता. मला वाटते, त्यांना स्वतःचा नव्हता. मावशी डोहात काठी रोवून बसल्या आणि पाणी खुणेवर येताच त्यांनी दार पाडायला लावले. एक बोटही खाली गेले नाही.

पाणथळीत काय झाले ते मी पाहिले नाही, वहीत लिहिलेले सांगतो. बाराव्या दिवशी उडायला लागली ती पिल्ले दुर्बिणीने मोजली. दोनशे तीन. किती उडाली नाहीत तेही त्याने मोजले, पण तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला. किल्ली जागेवर असती तर तीन दिवस वाचले असते. तो आकडा त्या तीन दिवसांचा आहे.

किल्ली पुन्हा फ्रेममध्ये गेली. टोकाला थोडे सोने खरवडले गेले आहे; त्याबद्दल दुर्बिणीकडे लेखी खुलासा मागितला आहे. साहेबांनी नव्या कुलपाचा प्रस्तावही पाठवला. सहभाग वाढावा म्हणून त्याला नऊ किल्ल्या असतील. प्रस्ताव अजून वरच आहे.

तोवर चाकाला जाळीच्या दोरीची एक गाठ मारलेली असते. ती मावशींनी मारली आहे आणि कुणालाही एका हाताने सोडता येईल. दोन वर्षांत ती एकट्याने कुणी सोडलेली नाही. दर आठव्या दिवशी तिघे येतात, भांडतात, गाठ सोडतात, बोटे मोजतात, पुन्हा बांधतात, वहीत लिहितात आणि वहीवर मला ठेवतात. आजोबांची नात कधी कधी येऊन पायरीवर बसते. तिला आता पाण्याबद्दल मते आहेत.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचे असते म्हणून मागतो. तुमच्याकडे एखादी वस्तू बरे काम करत असेल तर तिचा सत्कार करू नका. तिला जागेवर राहू द्या, आणि तिच्याभोवती जी माणसे बसतात त्यांना बसू द्या. फार वाटलेच तर तेल घाला.

काल दुर्बिणीला यायला उशीर झाला. काका आणि मावशी त्याच्याकडे बघत राहिले. मी आता काही बंद करत नाही, मला तेल घालण्याचे तसे कारण नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याने मुकाट्याने कोनाड्यातून डबी काढली आणि तिन्ही छिद्रांत एकेक थेंब सोडला.